सोमवारचं दळण

"मला कुणीतरी गहू चारून राह्यलंय," पोरगी म्हणाली. "कोण, ते शोधून द्या."

श्रीपतीमामांनी चहाचा कप खाली ठेवला. विष चारल्याच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या होत्या. गहू चारल्याची ही पहिलीच.

जालन्याच्या नव्या मोंढ्याजवळ, बियाण्यांच्या एका दुकानावर कल्याणी देवळेचं ऑफिस होतं. दहा वर्षं विम्याचे दावे तपासून झाल्यावर तिनं खासगी तपासाची स्वतःची पाटी लावली होती. श्रीपतीमामा तिचे सख्खे मामा, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. गाडी चालवणं, टिपणं घेणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं, ही तीन कामं ते मन लावून करीत.

समोर बसलेली आकांक्षा वाटूरची. एकोणीस वर्षांची, उंच, पायांत पळायचे बूट. पण गालफडं बसलेली आणि मनगटं काडीसारखी.

"दोन वर्षांखाली डॉक्टरनं सांगितलं, सिलिॲक हाय म्हणून," ती म्हणाली. "गव्हातला चिकट भाग माझ्या आतड्याला चालत न्हाई. आतून सोलवटल्यावानी होतं. मंग खाल्लेलं अंगी लागत न्हाई, पोट दुखतं, रक्त कमी होतं."

"औषध?" कल्याणीनं विचारलं.

"लोहाच्या आन् कॅल्शियमच्या गोळ्या. रोज, न चुकता. पण खरं औषध म्हंजे गहू बंद. जन्मभर. आईनं तर स्वयंपाकघरातनंच गहू हद्दपार केला. समदं घर भाकरी खातं. दीड वर्षात मी अशी ठणठणीत झाले, की पोलीस भरतीची तयारी धरली."

"आणि आता?"

"संक्रांतीपासून पुन्हा सुरू झालं. दोन महिन्यांत सहा किलो उतरले. रक्ताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टर म्हणतात, पोटात गहू जातोय. बापू म्हणतात, गहू काय पायानं चालत जातो का? तूच बाहेर खातीस. फाट्यावरच्या तिन्ही हॉटेलवाल्यांना सांगून आले, माझी पोरगी चोरून खाती, तिला काही देऊ नका. समद्यांसमोर!"

तिनं पाण्याचा घोट घेतला.

"भरतीचं मैदान बावीस दिवसांवर आलंय. बापूंनी माझं प्रवेशपत्र काढून घेतलंय. म्हणले, सोमवारपर्यंत कबूल कर, न्हाईतर भरती कायमची बंद."

"मग कबूल करून टाकायचं की," मामा सहज म्हणाले. "सुटलीस."

"खाल्लंच न्हाई तर कबूल कशाला करू?"

कल्याणी हसली. केस घ्यायची की नाही, हा प्रश्न तिच्यापुरता तिथंच मिटला.

"दुखतं कधी? रोज?"

"न्हाई. शुक्रवारी सुरू होतं. शनिवार-रविवार लई. सोमवारनंतर उतरायला लागतं. बुधवार-गुरुवार बरी असते."

"आणि रविवारी तू कुठे असतेस?"

"परतूरला, मैदानावर. साक्षी म्हणून मैत्रीण हाय, तिच्यासंगं पळते."

मामांनी वहीत 'साक्षी' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ती गेल्यावर ते म्हणाले, "झालं की. शनिवार-रविवार मैत्रीण, वडापाव, पोटदुखी. बाप बरोबर बोलतोय."

"वडापाव रविवारी खाल्ला, तर दुखणं शुक्रवारी कसं सुरू होईल?" कल्याणी म्हणाली. मामांनी एक रेघ खोडली.

गुरुवारी सकाळी दोघं वाटूरला पोचले. आकांक्षाच्या वडिलांचं, सर्जेरावांचं घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, सिमेंटचं, समोर अंगणात तुरीच्या काड्यांचा ढीग. सर्जेराव दारातच उभे होते. पाहुण्यांचं स्वागत तोंडानं करायचं आणि कपाळानं परतवून लावायचं, ही कला त्यांना अवगत होती.

"या. पोरीनं तुमाला उगंच तरास दिला. घरातली गोष्ट घरात मिटली असती."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर बारीक बारीक ओरखडे होते, काही खपली धरलेले, काही ताजे. कल्याणीची नजर तिथं थांबली.

"हाताला काय झालं?"

"शेतकऱ्याचे हात हायत, ताई. काही ना काही होतंच."

"उजवा मात्र वाचला," कल्याणी म्हणाली. सर्जेरावांनी तांब्या खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"तुम्हाला खरंच वाटतं ती चोरून खाते?"

"मला काय हौस हाय का, ताई?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मागच्या रविवारी मैदानावर चक्कर येऊन पडली. रक्त न्हाई अंगात. अशीच भरतीत पळाली आन् काही झालं, तर? पोरीचा जीव मोठा का नोकरी मोठी? म्हणून म्हणलं, खरं बोल, न्हाईतर घरी बस."

स्वयंपाकघरात बेबीनंदा, आकांक्षाची आई, भिंतीवर चिकटवलेला डॉक्टरांचा कागद दाखवत होती. गहू, रवा, मैदा, शेवया, पाव, जव. सगळ्यावर लाल फुली. फोडणीतल्या हिंगातसुद्धा पीठ असतं म्हणून हिंगही बंद.

"ज्वारी आमच्याच रानातली," ती म्हणाली. "मी सोता निवडते. आधी घरघंटी व्हती, फकस्त ज्वारीसाठी. ती संक्रांतीच्या आठवड्यात जळाली. तवापासून पप्पूभाऊच्या गिरणीवर देतो. पण सोमवारी सकाळी पयला नंबर आमचा. आमच्या आधी कुणाचंच दळण पडू द्यायचं न्हाई, असं ठरलंय."

"संक्रांतीपासून," मामा डोळे बारीक करून म्हणाले. "म्हणजे गिरणीवाला!"

"पीठ त्यानंच बिघडवलं, तर ते सोमवारी ताजं असताना बाधायला हवं," कल्याणी म्हणाली. "तेव्हा तर ती बरी होत असते." मामा पुन्हा वहीकडं वळले.

"दळण कशात नेता?" कल्याणीनं बेबीनंदाला विचारलं.

"याच डब्यात. हा घासून, पुसून, वाळवून न्यायचा, गिरणीच्या तोंडाखाली हाच ठेवायचा आन् झाकण लावून हाच आणायचा. दुसरीकडं वतायचं न्हाई, हलवायचं न्हाई. कुठं कशाचं पीठ लागंल, सांगता येत न्हाई. लागंल तसं वरून काढायचं."

पत्र्याचा चौकोनी डबा होता, दहा किलोचा. कल्याणीनं झाकण काढून आत पाहिलं. पीठ निम्म्याखाली गेलं होतं.

तेवढ्यात मामांना गोळ्यांची पाकिटं सापडली. "कल्याणी, हे बघ! लोहाच्या गोळ्यांची कंपनी बदलली आहे. जानेवारीपासून!"

कल्याणीनं पाकीट वाचलं, जालन्यातल्या ओळखीच्या औषधवाल्याला फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि पाकीट परत ठेवलं.

"तो कंपनीला विचारून सांगणार आहे. पण मामा, गोळी रोजची आहे. रोजची गोळी फक्त शुक्रवारपासूनच का बाधेल?"

चुलीपाशी घरातली सून भाकऱ्या थापत होती. प्रीती, आकांक्षाची वहिनी. माहेर पुण्याचं. नवरा आदिनाथ संभाजीनगरला कंपनीत, शनिवारी येणारा. लग्न दिवाळीनंतरचं. तिच्या परातीतली भाकरी कडेनं जरा चिरली होती. ती ओल्या बोटानं चिरा बुजवत होती.

"आधी मला येतच नव्हत्या," ती संकोचून म्हणाली. "आमच्याकडे पोळ्याच. आता जमतात. म्हणजे, सोमवार ते गुरुवार अशा चिरतात. शुक्रवारपासून मात्र छान होतात. टम्म फुगतात. यांनी तर मागच्या रविवारी आईंना सांगितलं, की हिच्या हाताला आता वळण लागलं."

"आणि सोमवारी ते वळण जातं?"

प्रीती हसली. "नवीन पीठ माझ्याशी फटकून वागतं. जुनं झालं, की ओळख होते."

बेबीनंदाही हसली. मामा हसले. कल्याणी हसली नाही. ती बराच वेळ त्या परातीकडं बघत राहिली.

बाहेर येताच मामा कानाशी लागले. "सूनच आहे. भाकरी थापता येत नाही म्हणून कणीक मिसळते. पुण्याकडच्या मुली असं करतात, मी ऐकलंय."

"स्वयंपाकघरात कणीक नाही, मामा. आणि मिसळायचीच, तर ती सोमवारी मिसळेल. भाकरी चिरते तेव्हा."

मामांनी वही मिटून खिशात ठेवली.

निघण्यापूर्वी कल्याणीनं दोन गोष्टी केल्या. डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद करून वर सही केली. आणि आकांक्षाला सांगितलं, सोमवारपर्यंत भाकरी नाही, फक्त भात आणि मुगाचं वरण.

"म्हंजे पीठ खराब हाय?" बेबीनंदाचा चेहरा उतरला.

"सोमवारी सांगते. डबा कुणी उघडायचा नाही."

परतताना गाडी परतूरकडं वळवून त्यांनी साक्षीला गाठलं. साक्षी बोलायला मोकळी होती.

"आकांक्षा बाहेरचं? बिलकुल न्हाई! समोसा समोर ठिवला तरी बघत न्हाई. डबा घेऊन येती, भाकर आन् शेंगदाण्याची चटणी. मीच तिच्यातली खाते. रविवारची तिची भाकर लई मऊ असती. आमच्या घरी आठवड्याचं पीठ असलं, की भाकरीचे तुकडे तुकडे पडतात, विरी गेलेली असती ना, चिकटपणा. तिच्या वहिनीच्या हातात जादू हाय."

"तू खाऊन तुला काही होत नाही?"

"मला काय व्हायचंय?" साक्षी म्हणाली.

गाडीत कल्याणी म्हणाली, "मामा, मामी भाकरीचं पीठ किती दिवसांचं वापरते?"

"चार दिवसांच्या वर नाही. शिळ्या पिठाची भाकरी मोडते. पण त्याचा आणि गव्हाचा काय संबंध?"

कल्याणीनं शेंगदाण्यांची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि विषय बदलला.

रविवारी संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच शनिवार-रविवार पोट दुखलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला दोघं पप्पूच्या गिरणीवर हजर झाले. पप्पू हा पन्नाशीचा, जाड मिशांचा गृहस्थ निघाला. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. दाराबाहेर त्याची म्हैस एका टोपल्यात तोंड घालून करड्या रंगाचं पीठ चाटत होती.

"म्हशीचा थाट आहे," मामा म्हणाले. "सकाळी सकाळी ताजं पीठ."

"खाऊ द्या बिचारीला," पप्पू म्हणाला. "माणसाच्या दाताखाली कचकच लागंल असलं हाय ते."

कल्याणीनं त्याला विचारलं, "आकांक्षाच्या ज्वारीआधी कुणाचा गहू पडतो?"

"देवाशपथ, कुण्याच गिऱ्हाइकाचा न्हाई! पोरगी आजारी हाय, मला कळत न्हाई का? उलटं तिच्यासाठी आम्ही दर रविवारी जातं उघडून, टाकी लावून, म्हंजे छिन्नीनं दगड टोचून साफ करतो. बाकी गिरण्यांत महिना महिना हात लागत न्हाई."

"टाकी तुम्ही लावता?"

पप्पूनं उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचा प्रयत्न केला आणि कळवळून खाली सोडला. "खांदा धरलाय चार महिन्यांपासून. हातोडी उचलत न्हाई."

"मग कोण लावतं?"

पप्पू घुटमळला. "ते... सांगू नको म्हणलेत."

"बरं," कल्याणी म्हणाली. "तुम्ही आमच्याबरोबर चला. सांगू नका, नुसतं बसा."

नऊच्या सुमारास सर्जेरावांच्या ओसरीवर सगळे जमले. सर्जेराव खुर्चीत, बेबीनंदा आणि प्रीती दाराशी, आकांक्षा खांबाला टेकून. पप्पू मात्र पायरीवरच बसला होता. मधोमध तो डबा, पाण्याचं घमेलं आणि दोन पातळ फडकी.

"सगळे खरं बोलत होते," कल्याणीनं सुरुवात केली. "म्हणूनच कुणाला काही कळत नव्हतं."

तिनं चिकटपट्टी काढली. वरचं मूठभर पीठ घेतलं, पाण्यात मळून गोळा केला, फडक्यात बांधून घमेल्यात चोळू लागली. पांढरं पाणी सुटलं. थोड्या वेळात फडकं रिकामं झालं.

"ही ज्वारी. धुतली, की वाहून जाते. आता तळचं."

तिनं डबा तिरका करून हात खोल घातला. दुसरा गोळा झाला, दुसरं फडकं घमेल्यात चोळलं गेलं. पाणी तसंच पांढरं. पण फडकं उघडलं, तेव्हा त्यात पिवळसर, चिकट तंतू राहिले होते. कल्याणीनं दोन बोटांनी एक तंतू ओढला. तो लांबला, तुटला नाही.

"लहानपणी गहू चघळून चिंगम करायचो, ते हेच," मामा पुटपुटले.

"हेच. आकांक्षाच्या आतड्याला चालत नाही ते हेच." कल्याणीनं हात पुसले. "गहू डब्यात आहे, पण फक्त तळाशी. दळण सोमवारी येतं. वरून काढायचं, म्हणून सोमवार ते गुरुवार निव्वळ ज्वारी. शुक्रवारी खालच्या पिठाला हात लागतो आणि शुक्रवारीच दुखायला लागतं. बेबीनंदाताईंनी डबा हलवू दिला नाही, ओतू दिला नाही, म्हणून थर जसेच्या तसे राहिले."

बेबीनंदानं तोंडाला पदर लावला.

"मला रस्ता दाखवला प्रीतीनं. ज्वारीचं पीठ जुनं झालं, की त्याची विरी जाते, भाकरी चिरायला लागते. हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. या घरात मात्र नव्या पिठाच्या भाकऱ्या चिरत होत्या आणि जुन्याच्या फुगत होत्या. साक्षीनंही तेच सांगितलं. सगळ्यांनी ते सुनेच्या हाताचं कौतुक समजलं. प्रीतीला सवय नाही, म्हणून तिच्या ताज्या भाकऱ्या चिरतात. पण जुनं पीठ चिकट राहतं, ते चिकटपणा देणारं दुसरं काही त्यात आहे म्हणून."

"पण डब्याच्या तळाशी गहू आला कुठून?" सर्जेराव अधीर झाले. "पप्पू, तू आमच्या आधी कुणाचं दळलंस?"

"तळाला काय असतं, सर्जेराव? गिरणीतून जे सगळ्यात आधी पडतं, ते." कल्याणी त्यांच्याकडं वळली. "जात्याला टाकी लावली, की दगडाची कच राहते. ती काढायला पहिल्यांदा काहीतरी फुकट दळावं लागतं. ते पीठ माणसाला देत नाहीत, म्हशीला घालतात. आज सकाळी म्हैस तेच खात होती. पप्पूभाऊ, काय दळता तेव्हा?"

"दोन किलो गहू," पप्पू म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं कपाळावर हात मारला. "अगाई... ते दळण म्हणून मी धरलंच न्हाई!"

"दगडाच्या खाचांत आणि पीठ पडायच्या नळकांड्यात त्यातलं बरंचसं अडकून राहतं. मागून आकांक्षाची ज्वारी येते आणि ते पुढं ढकलते. थेट डब्याच्या तळाशी."

मग मामांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. "पण पप्पूचा तर खांदा धरलाय. टाकी लावतं कोण?"

टाकी डाव्या हातात धरतात, हातोडी उजव्यात. दगडाच्या कपच्या उडतात त्या डाव्या हातावर. कल्याणी नुसती सर्जेरावांच्या हाताकडं बघत राहिली. हळूहळू सगळ्यांचीच नजर तिथं गेली.

"मी," सर्जेराव म्हणाले.

"बापू?"

"घरघंटी जळाली तवा मला वाटलं, समद्या गावाचा गहू ज्या दगडावरून जातो, त्याच्यावर पोरीचं कसं दळायचं? पप्पूला म्हणलं, तुझा खांदा दुखतो, मी लावतो टाकी. दर रविवारी. एकदम साफ दगड." "ते दोन किलो गहू बी... मीच नेऊन द्यायचो. रानातल्या खोलीतनं. म्हणलं, कच निघून जाईल, पोरीच्या दाताखाली यायला नको."

"आन् मला का न्हाई सांगितलं?" बेबीनंदा म्हणाली.

"काय सांगायचं? एका बाजूनं तिला खोटारडी म्हणत व्हतो. दुसऱ्या बाजूनं..." त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

आकांक्षा खांबापासून हलली. ती वडिलांसमोर उकिडवी बसली, त्यांचा डावा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि एकेक ओरखडा पाहू लागली.

"लई लागलंय, बापू."

"तुझ्याएवढं न्हाई."

सर्जेरावांनी दुसऱ्या हातानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. प्रवेशपत्र. आठवडाभर खिशात राहून त्याच्या घड्या मळल्या होत्या.

"आधी डॉक्टरकडं जाऊ. आतडं भरून यायला टाइम लागंल. ते पळ म्हणले, तर मैदानावर मीच सोडतो. न्हाई म्हणले, तर पुढच्या भरतीला. घरघंटी आजच दुरुस्तीला टाकतो."

आकांक्षानं कागद घेतला. उघडून पाहिला नाही.

सर्जेराव उठले आणि पायरीवरच्या चपला शोधू लागले.

"आता कुठं निघालात?" बेबीनंदानं विचारलं.

"फाट्यावर. तिन्ही हॉटेलांत." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "समद्यांसमोर सांगून आल्तो, माझी पोरगी चोरून खाती म्हणून. आता समद्यांसमोरच सांगून येतो, की ती खरं बोलत व्हती."

ऊन चढायला लागलं होतं. मामा गाडीची किल्ली काढून म्हणाले, "चला, मी सोडतो."

"न्हाई. पायीच जातो."

ते अंगण ओलांडून रस्त्याला लागले. आकांक्षानं प्रवेशपत्र प्रीतीच्या हातात दिलं, पायात बूट चढवले आणि नाडीसुद्धा न बांधता त्यांच्या मागं पळत सुटली.